दया तिचें नांव: आत्याबरोबर मुंबईत पाच दिवस

पहिला दिवस (अष्टमी)

आत्याच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली, तेव्हापासून दर सहा महिन्यांनी परळला टाटा हॉस्पिटलात चेकअप असतं. दरवेळी बाबा जातात तिच्याबरोबर, यावेळी त्यांचा गुडघा सुजला म्हणून मी रजा टाकली. सातारा-परळ एसटी, सकाळची. आत्यानं पिशवीत काय काय भरलं होतं ते आधी सांगतो कारण पुढे त्याचं काम आहे: बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खर्डा, काशाची वाटी, आणि तिच्या लग्नातला स्टीलचा डबा, ज्याच्या झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे. निघताना बाबांनी माझ्या हातात सार्थ ज्ञानेश्वरी दिली, म्हणाले सोळावा अध्याय वाचून दाखव तिला संध्याकाळी, दयेच्या ओव्या आवडतात तिला, डोळ्यांनी दिसत नाही आता बारीक अक्षर.

घाटात धो धो पाऊस. खिडकीतून पाणी आत यायला लागलं तसं आत्यानं पदर डोक्यावर घेतला आणि झोपली ती थेट वाशीच्या खाडीपर्यंत.

राहायला दादरला, गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा. कॅन्सरचे पेशंट आणि त्यांच्याबरोबरची माणसं इथे राहतात, हॉस्पिटलचं पत्र लागतं. बिहार, बंगाल, यूपी, आपला मराठवाडा, सगळी माणसं एकाच पॅसेजमध्ये कपडे वाळत घालतात. गाडगेबाबांबद्दल शाळेत धडा होता तेवढंच मला माहीत होतं, हातात खराटा, अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं. पण इथे आल्यावर लक्षात आलं की हा माणूस आयुष्यभर देवळं बांधायच्या ऐवजी धर्मशाळा बांधत फिरला, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, आणि या मुंबईतसुद्धा. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, ही त्यांची शिकवण कुठल्याही पोथीइतकी स्पष्ट आहे. त्यांचं शेवटचं कीर्तन वांद्र्याला पोलीस ठाण्याच्या आवारात झालं, नोव्हेंबर १९५६ मध्ये, आणि डिसेंबरात ते गेले.

रात्री वाचायला बसलो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे, त्यात दुसऱ्या श्लोकात "दया भूतेषु" एवढे दोनच शब्द आहेत. माउलींनी त्या दोन शब्दांवर ओव्यांमागून ओव्या लिहिल्यात.

"आतां दया ते ऐसी । पूर्णचंद्रिका जैसी । निववितां न कडसी । सानें थोर ॥"

कडसणं म्हणजे निवडणं. चांदणं गारवा देताना हा लहान हा मोठा असं निवडत बसत नाही. आत्या म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली. तिसऱ्यांदा वाचायच्या आत ती झोपली होती.

दुसरा दिवस (नवमी)

सकाळी सातला हॉस्पिटल. टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं, लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ब्लड कॅन्सरनं गेल्या, त्यानंतर. म्हणजे एका घरातलं दुःख, आणि आज त्यातून माझ्या आत्याची मॅमोग्राफी होते, जिला मेहेरबाई कोण हे माहीतही नाही. मला हे फार मोठं वाटतं. आपलं दुखलं की माणूस एकतर कडवट होतो नाहीतर दुसऱ्याचं दुखणं त्याला कळायला लागतं, मधलं काही फारसं दिसत नाही.

रक्त, सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सगळं एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. आत्या सराईत आहे, मलाच ती रस्ता दाखवत होती. सोनोग्राफीच्या बाहेर एक पंचविशीतली मुलगी बसली होती, डोक्याला रुमाल, पहिल्यांदाच आलेली, हात थरथरत होते तिचे. आत्याला हिंदी येत नाही, तिला मराठी येत नव्हतं. आत्यानं काही न बोलता तिच्या शेजारी जाऊन बसून तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि आपलं ब्लाउज जरा बाजूला सरकवून ऑपरेशनच्या खुणेचं वरचं टोक दाखवलं, मग चार बोटं वर केली. चार वर्षं. त्या मुलीनं ती चार बोटं आपल्या मुठीत धरली आणि नंबर येईपर्यंत सोडली नाहीत.

मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. दया म्हटलं की माझ्या डोक्यात कायम वरून खाली दिलेली गोष्ट यायची, श्रीमंतानं गरिबाला, धडधाकट माणसानं आजाऱ्याला. इथे दोघी आजारी.

दुपारी चहाला बाहेर आलो तर समोर केईएम. केईएम बघितलं की मला अरुणा शानबाग आठवतात. त्याच हॉस्पिटलात नर्स होत्या, २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच काम करणाऱ्या एका माणसानं त्यांच्यावर हल्ला केला, त्यात मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. १८ मे २०१५ ला गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं केईएमच्या नर्सनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. मधल्या काळात त्यांच्या दयामरणासाठी याचिका झाली, ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टानं ती फेटाळली, पण त्याच निकालानं आपल्या देशात काही अटींवर उपचार थांबवायची वाट मोकळी झाली. नर्सचा विरोध होता दयामरणाला. त्यांनी म्हटलं आम्ही सांभाळतोय ना.

याचिका करणाऱ्यांच्या मनातही दयाच होती हे मला पटतं, आणि कुणी ती मागणी केली म्हणून मी त्यांना निष्ठुर म्हणणार नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईंच्या अंगावर एक बेडसोअर नव्हता. ज्यांनी घरात म्हातारं माणूस अंथरुणावर सांभाळलंय त्यांना हे वाक्य वाचून काय होईल ते मला वेगळं सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती काढायची, आणि एक पिढी रिटायर झाली की दुसरीनं तेच हातात घ्यायचं, जिनं अरुणाताईंना धडधाकट कधी पाहिलंही नव्हतं.

संध्याकाळी आत्याचे पाय सुजले होते. ती म्हणाली वाटी काढ. काशाच्या वाटीनं तळपायाला खोबरेल तेल चोळायचं, डोळ्यांची आग कमी होते, आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या करतात. मी चोळत होतो आणि पुस्तक मांडीवर उघडंच होतं, पुढची ओवी बघितली आणि हातच थांबला. माउली म्हणतात पायात काटा रुतला की कळ जिवापर्यंत जाते तसा तो दुसऱ्याच्या संकटानं पोळतो, आणि पायाला गारवा मिळाला की तो डोळ्यांना पोचतो तसा दुसऱ्याच्या सुखानं सुखावतो. सातशे वर्षांपूर्वीचा माणूस काशाच्या वाटीचंच सांगत असल्यासारखं वाटलं. आत्याला म्हणलं ऐकलंस का. ती म्हणाली, "मग! आमच्या आज्जीला काय उगाच ठाऊक हुतं का?"

तिसरा दिवस (दशमी)

रिपोर्ट द्वादशीला मिळणार होते, म्हणून मोकळा दिवस. आत्याला मुंबादेवीला जायचं होतं. दादरहून स्लो लोकलनं चर्नी रोड, तिथून टॅक्सी. दर्शन पटकन झालं, मग भुलेश्वरला पांजरापोळ बघायला गेलो, तिला गाई बघायच्या होत्या. दोन दिवस म्हैस-गाय न बघता राहिली की तिला करमत नाही.

या पांजरापोळाचा इतिहास मला माहीत होता, तो मी तिला तिथेच सांगितला. १८३२ मध्ये कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळायचे, त्यामुळे लोकांच्या पाळीव कुत्र्यांनाही हात घातला जायला लागला. पारशी रस्त्यावर उतरले, कारण कुत्रा त्यांच्या धर्मात पवित्र, हिंदू आणि जैनही त्यांच्याबरोबर, फोर्टातली दुकानं बंद झाली, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि बाकीच्या व्यापाऱ्यांनी मिळून ही जागा केली, की बेवारस जनावर मारू नका, इथे आणून सोडा. धर्म वेगवेगळे, पण काम एकच.

कुत्र्यावरून मी तिला युधिष्ठिराचं सांगितलं. पांडव शेवटच्या प्रवासाला निघतात, एक एक जण वाटेत पडतो, उरतो धर्मराज आणि मागे मागे आलेला कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो चल, पण कुत्र्याला सोड. आणि धर्मराज म्हणतो आश्रयाला आलेल्याला सोडून मला स्वर्ग नको. महाभारतात यासाठी एक शब्द आहे, आनृशंस्य, म्हणजे क्रूरपणा नसणं. यक्ष विचारतो सगळ्यात मोठा धर्म कोणता, तेव्हाही युधिष्ठिराचं उत्तर तेच, आनृशंस्य. आणि तो ते लगेच करून दाखवतो, चार भावांतला एकच जिवंत होईल म्हटल्यावर भीमाला नाही, अर्जुनाला नाही, नकुलाला मागतो, कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. सावत्र आईचा विचार, आणि तोही ती हयात नसताना.

आत्या चाऱ्याची पेंडी एका भाकड गाईला देत होती. "सावत्र म्हणायचं न्हाय," एवढंच म्हणाली. त्यावेळी मला कळलं नाही ती असं का म्हणाली. संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी साडेसहाला धर्मशाळेच्या दारात तिचा पुतण्या उभा होता.

आता हे सांगायला लागेल. आत्याला मूल नाही. तिची जाऊ बाळंतपणात गेली, ते पोर आत्यानं वाढवलं, दहावीपर्यंत शिकवलं, मुंबईला पाठवलं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यावर आठ वर्षांपूर्वी त्यानं पीककर्जाचे कागद म्हणून तिच्याकडून कुलमुखत्यारपत्रावर सही घेतली आणि बावीस गुंठे विकून टाकले. सातबारा काढला तेव्हा कळलं. वकील म्हणाले फौजदारी होते, पोरगा आत जाईल. आत्या काही बोलली नाही, केस केली नाही. तो पण आला नाही, ऑपरेशनला सुद्धा नाही. घरात आम्ही त्याचं नाव घेत नाही. आणि तो उभा, पावसात भिजलेला, चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेनं जोडलेला, हातात प्लास्टिकची फाईल.

मी उठलोच. माझ्या तोंडून काय गेलं असतं देव जाणे. आत्या म्हणाली, "मीच फोन केलाय त्येला. बस तू."

आणि त्याला म्हणाली, "जेवला का रं?"

त्यानं मान हलवली, नाही. तिनं डबा उघडला. तीन दिवसांची भाकरी कडक झालेली, तिनं ती हातानं चुरली, वर चटणी, तेल, खर्ड्यातली मिरचीची देठं एक एक करून वेचून काढली, लहानपणी त्याच्या ताटातली काढायची तशी असणार, कारण तिचा हात विचार न करता चालला होता. तो खाली बघून जेवला. कुणी काही बोललं नाही. पॅसेजमधल्या लोकांना वाटलं असेल मुलगा आलाय आईला भेटायला.

हात धुवून त्यानं फाईल काढली. हक्कसोडपत्र. विहिरीजवळचे अकरा गुंठे अजून दोघांच्या नावावर आहेत, तेही हवे होते. कंपनी बंद पडलीय, भाडं थकलंय, पोरीची फी राहिलीय, काकी एक सही.

आत्यानं कागद हातात घेतला, घडी घातली, परत फाईलमध्ये ठेवला. आवाज चढवला नाही, पण तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "रान न्हाय मिळायचं. त्यो विषय पुन्यांदा काढायचा न्हाय. पोरीची फी किती, शाळेचा कागद ह्याच्या फोनवर पाठव, मी शाळेत भरीन. तुझ्या हातात न्हाय देणार."

तो बराच वेळ बसून राहिला. मग उठून तिच्या पाया पडला. तिनं उरलेली भाकरी, चटणी, खर्डा सगळं डब्यात भरलं आणि डबा त्याच्या हातात दिला. "पोरीला दे," म्हणाली.

मला रात्री झोप लागली नाही. राग त्याचा होता आणि तिचाही. मग तुकोबांची ओळ आठवली, "दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें." ही ओळ मी शंभर वेळा ऐकली असेल, आणि दरवेळी वाटायचं की पहिला अर्धा संतांसाठी आणि दुसरा राजांसाठी. काट्यांचं निर्दळण म्हणजे तलवार, फौज, शिवाजी महाराज, असं काहीतरी. आज बघितलं, एकाच बाईनं एकाच बैठकीत दोन्ही केलं, एका हातानं मिरचीची देठं काढली आणि दुसऱ्या हातानं कागद परत केला.

भागवतात अश्वत्थाम्याची गोष्ट आहे. त्यानं द्रौपदीची पाची मुलं झोपेत मारली. अर्जुन त्याला बांधून तिच्यापुढे आणतो. आणि ती म्हणते सोडा त्याला, मी जशी रडतेय तशी याची आई गौतमी रडायला नको. भीम म्हणतो मारा. मग कृष्णाच्या मनातलं ओळखून अर्जुन त्याचे केस कापतो, डोक्यावरचा मणी काढून घेतो आणि हाकलून देतो. जीव ठेवला, मणी ठेवला नाही. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला हे अर्धवट वाटायचं, हे काय, ना धड शिक्षा ना धड माफी. अकरा गुंठे हा आत्याचा मणी आहे, तो तिनं दिला नाही.

चौथा दिवस (एकादशी)

पंढरपूरला जाता येत नाही म्हणून मुंबईकर वडाळ्याच्या विठोबाला जातात, प्रतिपंढरपूरच म्हणतात त्याला. आम्हीही पहाटे निघालो. रांग कुठपर्यंत गेली होती ते सांगत नाही, टाळ-मृदुंगाच्या दिंड्या, छत्र्या, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, ऑफिसला जायच्या आधी दर्शन घ्यायला आलेली पोरं, मध्येच कुणीतरी राजगिऱ्याचे लाडू वाटत होतं, कुणी केळी. आत्या दोन तास उभी राहिली, बसायला तयार नाही.

आणि रांगेत असताना आभाळ गडगडलं. आषाढात मुंबईत पाऊस कितीही पडू दे, गडगडाट तसा कमीच. मला बृहदारण्यकातली गोष्ट आठवली आणि मी ती आत्याला सांगितली, मागची दोन माणसंही ऐकत होती. देव, माणसं आणि असुर प्रजापतीकडे शिकतात, शेवटी म्हणतात उपदेश करा. तो तिघांनाही एकच अक्षर सांगतो, द. देवांना वाटतं दाम्यत, इंद्रियांना आवरा. माणसांना वाटतं दत्त, द्या. असुरांना वाटतं दयध्वम्, दया करा. आणि उपनिषद म्हणतं ढग गडगडतो तेव्हा तेच सांगतो, द, द, द.

मला या गोष्टीत एकच कळायचं नाही की दया असुरांना का सांगितली. देवांना सांगायची ना, ती त्यांना शोभते. काल रात्रीनंतर जरा वेगळं वाटलं. ज्याच्या हातात दुखवायची ताकद आहे त्यालाच दया कर म्हणून सांगावं लागतं. शंकराचार्यही त्यावर म्हणतात की देव, असुर हे माणसातलेच प्रकार. काल संध्याकाळी त्या पॅसेजमध्ये ताकद आत्याकडे होती, एक फिर्याद दिली असती तर तो पोरगा गजाआड. तिच्या आत कुणीतरी असुर असेलच की आठ वर्षं, माझ्या आत तर तो आहेच, काल उठून उभा राहिला होता.

आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला आठ वरसं रोज रातच्याला वाटायचं फिर्याद द्यावी. त्येच्या पोरीचा फोटू बघितला कुणाच्यातरी फोनात, मग न्हाय वाटलं."

परत येताना पाऊस वाढला, हिंदमाताला पाणी भरलं. टॅक्सी थांबली. बाहेर गुडघाभर पाण्यात एक माणूस मॅनहोलपाशी काठी घेऊन उभा, झाकण उघडं होतं, शेजारी झाडाची फांदी रोवलेली, येणाऱ्या प्रत्येकाला हात करून बाजूनं जायला सांगत होता. त्याच्या अंगावर कुठला युनिफॉर्म नव्हता. ड्रायव्हर म्हणाला दरवर्षी कुणीतरी उभं राहतंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तो शीवला अडकला होता, एका अनोळखी घरात रात्र काढली, त्या बाईनं खिचडी टाकली होती पातेलंभर, रस्त्यावरून जो येईल त्याला. तिचं नाव विचारायचं राहिलं म्हणाला.

पाचवा दिवस (द्वादशी)

धर्मशाळेत पारणं सोडलं, वरण-भात मिळाला. रिपोर्ट चांगले. डॉक्टरांनी दोन मिनिटांत बघून सहा महिन्यांनी या म्हटलं आणि पुढची तारीख लिहून दिली. बाहेर ती रुमालवाली मुलगी दिसली का म्हणून आत्या सगळीकडे बघत होती, नाही दिसली.

परळ डेपोतून दोनची एसटी. माझ्या फोनवर सकाळीच शाळेच्या फीचा कागद आला होता, सहावीची मुलगी, शाळेचा शिक्का आहे, शाळेच्या खात्याचा नंबर आहे. मी आत्याला दाखवला. तिनं फोन लांब धरून बघितला, अक्षर दिसलं नाही, मी नाव वाचून दाखवलं. मुलीचं नाव मामांच्या आईचं ठेवलंय.

गाडी शीवच्या पुढे गेल्यावर तिनं पिशवी चाचपली आणि म्हणाली डबा त्याच्याकडंच राहिला की. मी म्हणलं जाऊ दे, नवीन घेऊ.

"नवा कशाला? माझं नाव हाय त्येच्यावर. पुढल्या येळंची तारीख कळव त्येला, म्हणावं डबा घिऊन ये."

मी तारीख टाइप केली. पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, पोरीला पण घेऊन ये म्हणावं, ते पण लिही.